पेवात उतरण्याआधी

केनवड, मंगळवार, १४ मे १९७४. संध्याकाळ.

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार शाळेत पाठ केला होता. पण पेव म्हणजे काय ते कधी विचारलं नाही. मधाचं पोळं असेल असं धरून चाललो होतो. आज खरं पेव पाहिलं!

चार दिवसांपासून जिच्याकडे कामाला आहे, त्या जानकामावशीच्या अंगणात जमिनीखाली धान्याची खोली आहे. तोंड जेमतेम माणूस मावेल एवढं, आत पोट मात्र केवढं! लेकीच्या लग्नासाठी ज्वारी काढायची होती. तोंडावरची दगडी फाडी सरकवली अन् मी लगेच पाय आत सोडले. मावशीनं मागून कॉलर ओढली.

"मराले आला का बे इथं? कंदील सोड आदी!"

"दिवसा कंदील कायले, मावशी?"

"सोड म्हन्लं ना!"

दोरीनं सोडला. अर्ध्यावर ज्योत विझली. वारा नव्हता, काही नव्हतं. पुन्हा लावून सोडला, पुन्हा तिथंच विझला. म्हणजे तिथं मी असतो तर?

"दोन वरसाची वाफ हाय आत. निगू दे तिले."

दुपार उलटल्यावर कंदील तळापर्यंत जळत गेला. मग मी उतरलो.

"बोलत राह्य," मावशी वरून ओरडली. "गप झाला त मले भेव वाटते."

एरवी माझं तोंड बंद होत नाही. तिथं काहीच सुचेना. शेवटी "पेव, पेव" एवढंच ओरडत टोपल्या भरत राहिलो. अन् वरून दर वेळी ती ओ द्यायची, "हाव, बाप्पा, हाव."