गाडीचं डोकं

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी माझं भांडण मिटलेलं नाही आणि मला ते मिटवायचंही नाही. खंडाळ्याचा घाट चढून धापा टाकत आलेली गाडी आपल्या गॅरेजपुढं थांबायची, तुम्ही वाकून, इंजिनाचा आवाज ऐकत, पेट्रोल-हवेचा मेळ घालणाऱ्या कार्बुरेटरचा स्क्रू जरासा फिरवायचात, आणि इंजिन गुमान चालायला लागायचं. तिथवर वाद नाही. वाद त्या परदेशी गाडीवरून आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट, मी विशीतली. गाडी काळा धूर ओकत आली. तुम्ही बॉनेट उघडून कार्बुरेटर शोधत बसलात. तो नव्हताच. मुंबईचा ड्रायव्हर सांगत होता, सीटखाली एक पेटी आहे. इंजिन किती तापलंय, हवा किती ओढतंय हे तिला वायरींमधून कळतं आणि त्या हिशेबानं तीच पेट्रोल सोडते. तुम्ही हसलात. मला मात्र ऐकताक्षणी पटलं. तुम्ही कानानं करायचात तेच ती करत होती. वाकून पाहते तर इंजिनावरची एक बारीक वायर सुटून लोंबतेय. म्हणजे पेटीला इंजिन थंडच वाटत असणार, आणि थंडीत चोक ओढून ठेवावा तसं ती जास्तीचं पेट्रोल ओतत राहणार. मी तसं बोलले तर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "गाडीला डोकं नसतंय. डोकं मिस्तरीला असतं. तू घरला जा, उद्यापासनं हितं यायचं न्हाई."

मी गेले नाही. वायर जागेवर खोचली आणि ड्रायव्हरला चावी मारायला सांगितलं. दोन-तीन आचके देऊन इंजिन लागलं, धूर विरला. तुम्ही हात पुसत चहाला निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी आले, त्याच्या पुढच्या दिवशीही आले. तुम्ही हाकललं नाहीत, पण त्या गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. आळीतल्या बाया म्हणायच्या, पोरीच्या हाताला ग्रीस लागलं की लग्न जमत नाही. नाही जमलं. त्याचं मला काही वाटत नाही. गॅरेज मी चालवते, आणि आता दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीला डोकं असतं, आबा.

हे पत्र टाकणार कुठं? पण वर पेटीचं इतकं सोपं करून लिहिलंय ते तुमच्यासाठीच. तुम्ही कधीतरी विचाराल, "पोरी, ती पेटी करती तरी काय?" म्हणून मी उत्तर घोकून ठेवलं होतं. शेवटपर्यंत विचारलं नाहीत. मला ते फार लागलं.