अकराव्या होलची दलदल

१२ मे
बर्फ वितळलं. आजपासून शिस्त. रोज डिस्क गोल्फचे अठरा होल, काहीही झालं तरी.
शाळा बंद पडली तेव्हा तिच्यामागच्या जंगलात आम्ही साखळ्यांच्या अठरा टोपल्या उभ्या केल्या, एक टोपली म्हणजे एक होल. देखभाल माझ्याकडे. लांबून फेकलेली प्लास्टिकची चपटी डिस्क टोपलीत पडली की साखळ्या वाजतात. आमच्या गावात दुसरं फारसं काही वाजत नाही.
इर्मेली मार्चपासून ओउलूला बहिणीकडे आहे. एकतीस वर्षांच्या संसारानंतर बाईमाणसाला हवापालट लागतोच. कॉफीचं मशीन घेऊन गेली, म्हणजे मुक्काम जरा लांबणार.

१९ मे
गुडघा दुखत होता. शिस्त मोडली नाही, पुढे ढकलली. आज खेळलो. अकराव्या होलला उजवीकडे दलदल आहे, तिथे पिवळी डिस्क गेली. दोष वाऱ्याचा. वारा नव्हता, पण सुटेलसं वाटत होतं.

२३ मे, दुपार
इर्मेलीचा फोन. मार्चनंतर पहिला.
काजानीच्या कुणाला तरी पिवळी डिस्क सापडली. डिस्कमागे नाव-नंबर लिहायचा आणि सापडेल त्याने फोन करायचा, ही आम्हा खेळणाऱ्यांची रीतच. माझ्या सगळ्या डिस्कवर इर्मेलीचा नंबर आहे. माझा मला पाठ नाही, आणि जंगलात मला रेंजही नसते. काय करायचं डिस्कचं, असं तिने विचारलं. टोपलीवर ठेवायला सांग म्हटलं. एक मिनिट चाळीस सेकंद बोललो. आवाज भरून आलेला वाटला. सर्दीही असेल.

२ जून
नीट विचार केला. तिला बोलायचंय, पण मानी बाई, निमित्त लागतं. निमित्त पुरवणं नवऱ्याचं काम. अकराव्याला दोन डिस्क मुद्दाम उजवीकडे मारल्या.

९ जून
दोन फोन. एक पन्नास सेकंदांचा, एक तीस. पहिल्यात तिने विचारलं, जेवतोस ना. हो म्हटलं. (सॉसेज, मोहरी लावून.) प्रगती आहे. उद्यापासून भाज्या.

२२ जून
शेजारचा एस्को सॉना घ्यायला आला आणि घाम निथळत म्हणाला, इर्मेली परत येणार नाही हे तू सोडून अख्ख्या गावाला माहीत आहे. अख्खं गाव म्हणजे चौदा माणसं, त्यातला एक मी. आणि एस्कोला बायकांतलं काय कळतं? त्याच्या दोन गेल्या. एक देवाघरी, एक स्वीडनला.
भाज्या सोमवारपासून.

३ जुलै
अकराव्याला नेम धरून दलदलीकडे मारली. बर्चच्या खोडावर आपटून वळली आणि थेट टोपलीत. पहिल्याच फेकीत. बावीस वर्षं खेळतोय, असं कधी झालं नव्हतं. साखळ्या बराच वेळ वाजत होत्या.
पाहणारा कुणी नव्हता. साक्षीदार नसेल तर अशी फेक मोजत नाहीत. नियम मीच शाळेच्या भिंतीवर लावलाय.
डास फार.

२१ जुलै
फोन नाही. दलदलीत गुडघाभर उतरून डिस्क काढल्या आणि वाटेवर दिसतील अशा मांडल्या. लोक हल्ली खाली बघून चालत नाहीत.

११ ऑगस्ट
इर्मेलीचा मेसेज: शनिवारी येते, सगळ्या डिस्क काढून ठेव.
म्हणजे खेळायला येतेय. अकराव्याशी पोचलो की सरळ विचारणार. गवत कापलं. एक खिडकी पुसली.

१६ ऑगस्ट
आली. शाळेच्या पायरीवर बसली. पिशवीतून नेलपॉलिश काढायची बाटली, कापूस आणि काळा मार्कर काढला. सतरा डिस्क. एकेकीवरून स्वतःचा नंबर पुसायला लागली.
मी अकराव्या होलची फेक सांगितली. कुणी बघितली, असं तिने विचारलं. कुणी नाही म्हटलं. तिचा हात जरा थांबला.
"कालेवी, परके लोक फोन करतात, तुमची वस्तू जंगलात पडलीय म्हणतात. काय सांगू रे मी त्यांना? माझी नाहीये ती."
मग माझा नंबर विचारला. मला येईना. तिने तिच्या फोनमध्ये बघून लिहिला. मी तिथे 'डिस्क' या नावाने आहे.
कॉफी नको म्हणाली. निघताना, भाज्या खात जा, म्हणाली. गाडी वळणाआड गेली तरी मी पायरीवरच होतो. छातीत फार दुखलं, आणि ते गुडघ्यावर ढकलता येईना.

१७ ऑगस्ट
सतरा वेळा स्वतःच्या हाताने माझा नंबर लिहिलाय. आता तिला पाठ झाला असणार.

५ ऑक्टोबर
पहिलं बर्फ. खेळणारे पाच-सहाच उरलेत. अकराव्याला तीन डिस्क उजवीकडे मारल्या. फोन उशाशी.

९ ऑक्टोबर, दुपार
फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला.
सोत्कामोचा कुणी माणूस. अकराव्याला लाल डिस्क सापडली, काय करू म्हणाला. टोपलीवर ठेवा म्हटलं. तो फोन ठेवायला लागला तेव्हा घाईघाईने सांगितलं, जुलैमध्ये याच होलला मी पहिल्या फेकीत टोपली गाठली होती. कुणी बघितलं होतं का, त्याने विचारलं.
हो, म्हटलं, बायको होती बरोबर.
अभिनंदन म्हणाला. अडतीस सेकंद.