हौदाला सावली हवी

मंगळवार, संध्याकाळ

१. सोसायटीने बदामाच्या फांद्या छाटल्या.
२. बागेतल्या हौदावर ऊन आले.
३. दोन मासे मेले.

उरलेले मासे दुपारी हौदात पाणी सोडणाऱ्या पाइपच्या बारीक सावलीत दाटीने उभे होते. सेक्रेटरी सामंतकाका म्हणाले, "अगं, बुजवून टाकू हौद. दोन स्कूटर राहतील!" बाबा शेजारीच होते, हातात माशांच्या खाण्याची डबी. त्यांनी डबीचे झाकण लावले.

सावलीसाठी जलपर्णी नको, ती सगळे पाणी झाकते, मासे गुदमरतात. वॉटर लिलीच्या तीन कुंड्या पाण्यात ठेवल्या की पाने पसरून अर्धा हौद झाकतील. पुरे आहे तेवढे. पाइपची ती सावली मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

काकांना मेसेज केला: "लिली मी आणते. हौद बुजवू नका. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवा."