मागच्या ओहोळाकडून

८ जुलै

आलो एकदाच्या! मुरबाडहून निघालेली भगीरथची जीप शेवटचा चढ कशीबशी चढली आणि समोर सिद्धगड दिसला, खांद्यापर्यंत ढगात बुडालेला. गिरजाताईने ओल्या काचेवर बोट टेकवलं आणि हसली. तिला काय दिसलं कोण जाणे, पण हसली. माझा दिवस तिथेच सार्थकी लागला.

घर दोन खोल्यांचं, कौलारू, भगीरथच्या शेतावरचं. तो स्वतः मुरबाडला राहतो. पुढे गाडीचा कच्चा रस्ता, आणि अंगणातून वाडीकडे, तिथून वर रानात जाणारी एकच पायवाट. मागे नुसता ओहोळ आणि गच्च रान. मागे वाट नाही, तिकडे जाऊ नका, हे त्याने दोनदा बजावलं. फोन फक्त अंगणातल्या फणसाखाली लागतो. मला तर बरंच वाटलं.

ताई एकाहत्तर वर्षांची, मी त्रेसष्ट. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेली माझी ताई आता मला 'अहो बाई' म्हणते. याच डोंगरात फिरून तिने अळंब्यांची चित्रवही सुरू केली होती. ती अर्धीच राहिली. ती मी पुरी करणार आहे आणि रोज तिला दाखवणार आहे. डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. मी आशा धरत नाही. एकदाच मला 'पेमू' म्हणाली, तरी पुरे.

११ जुलै

वाडीवरची भिमी घरकामाला येते. पन्नाशीची असेल. हसरी आणि तोंडाची फटकळ. आल्या आल्या तिने ताईची वेणी घातली आणि म्हणाली, "ही बाय माझी. तुमी तुमचं चित्तर काढा."

मी चित्रवहीत रकाने आखलेत, शाळेत सिस्टर मॉनिका आखायला लावायच्या तसे. छत्रीचा रंग, छत्रीखालच्या पात्यांचा रंग, गळ्यात कडं आहे का, तळाशी वाटीसारखी पिशवी आहे का, मूळ लांब वारुळापर्यंत जातं का. आज दोन अळंब्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक खायची, दुसरी विषारी, कुत्र्याची छत्री. मला तर दोघी जुळ्या बहिणी वाटल्या. उलट खोटीच जास्त देखणी होती, पांढरीशुभ्र, कुठे डाग नाही.

भिमीला विचारलं, तू कशी ओळखतेस? किडे लागलेली चांगली का? चांदीचं नाणं काळं पडतं का? ती पोट धरून हसली. "किडं कायपण खातात, बाय. खुणा शिकून अळंबी खाल्ली तो दवाखान्यात गेला."

मग तिने खरं ते सांगितलं. ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "रूप नाय बघायचं. कुठून आली ते बघायचं. आयनं दाखवलेल्या जाग्यावर आली तर आपली. तशीच दुसरीकडं आली, तर कितीपण गोड दिसू दे, हात नाय लावायचा."

तिची जागा कुठे आहे, ते मात्र सांगायला तयार नाही. लेकीलाच सांगायची असते म्हणे.

१५ जुलै

आज ताईच्या जुन्या पद्धतीने छाप घेतला. अळंबीची छत्री देठावेगळी करून काळ्या कागदावर पालथी ठेवायची आणि वर भांडं झाकायचं. सकाळी कागदावर बारीक भुकटी पडलेली असते, चाकाच्या आऱ्यांसारखी. फार सुंदर! ताई बराच वेळ त्याकडे बघत बसली.

संध्याकाळी चहा घेताना मी तिला बोर्डिंगच्या गोष्टी सांगते. मी सहा वर्षांची असताना रडायचे, तेव्हा तू मोठ्या मुलींच्या खोलीतून चोरून येऊन माझे केस विंचरायचीस. बाबांचं पत्र आलं की दोनदा वाचून दाखवायचीस, एकदा हळू आणि एकदा बाबांच्या आवाजात. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून मी बोलत राहते. ती ओहोळाकडे बघत राहते. कुणीतरी ऐकतंय, असं वाटतं खरं.

१८ जुलै

माझीच चूक. दुपारी बारा वाजता मी चित्रात गुंतले होते. मान वर केली तर ताई नाही.

भिमी आणि वाडीवरची माणसं भाताची लावणी टाकून धावली. पायवाटेने वर जाताना एका गुराख्याने तिला पाहिलं होतं. पावसाने पुढचा माग पुसला. मी फणसाखाली उभी राहून भगीरथला फोन करत होते. ओरडून घसा बसला. अंगात गरम कपडा नाही तिच्या. तिला स्वतःचं नावही सांगता येत नाही.

चार वाजता मागच्या दारात आवाज आला.

"पेमू, चहा टाक गं."

ताई! दारात उभी होती. पदर कोरडा, पाय स्वच्छ. मी तिला मिठी मारली आणि लहान मुलीसारखी रडले. तिने माझे केस सारखे केले.

१९ जुलै

काय लिहू! तिला सगळं आठवतंय. बोर्डिंग, बाबांची पत्रं, त्यांचा आवाजसुद्धा. माझ्या चित्रवहीतल्या दोन चुका तिने बोट ठेवून दाखवल्या. दिवसभर मला 'पेमू, पेमू' करते आहे. देवा, मी एकदाच मागितलं होतं.

भिमी मात्र अंगणातच थांबली. तिने एवढंच विचारलं, "कुठून आली?" मी म्हटलं, मागच्या ओहोळाकडून. भिमी म्हणाली, "मागं वाट नाय."

मी म्हटलं, अगं, आली ना परत? ती डोक्यावर इरलं घेऊन वर रानात गेली. बाकी सगळ्यांनी शोध थांबवला. ती एकटीच शोधते आहे.

२१ जुलै

मी भिमीला रागावले. माझी बहीण घरात बसलेली असताना तू रानात कुणाला हाका मारतेस, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "तुमची तुमाला गावली ना? मग माझी मला हुडकू द्या."

जिभेला हाड नाही बाईच्या. तिला म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस.

ताईला भूक लागत नाही. ताट तसंच राहतं. पण प्रसन्न असते. माझ्या अंगावर डास तुटून पडतात, तिच्या अंगावर एकही बसत नाही.

२२ जुलै

सकाळी तिची उशी झटकायला घेतली. निळ्या अभ्र्यावर, डोकं टेकतं तिथे, पांढरी बारीक भुकटी होती.

मध्यापासून कडेपर्यंत. आऱ्यांसारखी.

टाल्कम असेल. ताईला टाल्कम लागायचं. पण डबा तर मी आणलाच नाही.

२३ जुलै

आज मी तिची परीक्षा घेतली. लाज वाटते लिहायला. ताई बोर्डिंगमध्ये माझ्या चार वर्षं आधी गेली होती. विचारलं, मी यायच्या आधी तुझ्या बाकावर कोण बसायचं?

ती गोड हसली. "तू सांग ना, पेमू."

आणखी विचारलं. तिच्या कॉलेजातलं, तिच्या नोकरीतलं. प्रत्येक वेळी तेच. "तू सांग ना." मी जे मागच्या उंबऱ्यावर बसून बोलले आणि या वहीत लिहिलं, तेवढंच तिला येतं. त्यापलीकडे काही नाही. चित्रवहीतल्या त्या दोन चुकासुद्धा मला आधीच ठाऊक होत्या. समासात मीच पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढून ठेवली होती.

आणि दुसरं एक. बाबांचा आवाज मला आठवेनासा झालाय. परवापर्यंत कानात होता.

रूप नाय बघायचं, कुठून आली ते बघायचं.

मग माझी ताई कुठे आहे? पाच दिवस पावसात—

२४ जुलै

भिमीला सापडली!

वरच्या माचीवरच्या एका घरात होती. त्या लोकांनी तिला पेज पाजली, घोंगडीत गुंडाळून ठेवलं. ही कुणाची, कुठली, ते तिला सांगता येईना आणि ओढा भरल्यामुळे त्यांना खाली उतरता येईना. भिमीने तिला अकरा वाजता पायवाटेने आणलं, जवळजवळ पाठीवरच. पायांना जळवांच्या खुणा, केसांत काटक्या, साडी चिखलाने ताठ झालेली.

मी पुढे झाले तर ती भिमीच्या मागे लपली. म्हणाली, "अहो बाई, मला घरी जायचंय."

ही खरी. माझी ही. मला न ओळखणारी.

आत वळले तर खोली रिकामी होती. मागचं दार सताड उघडं. भिमीने दाराला आतून मुसळ लावलं. मी तिचे पाय धरणार होते, तर म्हणाली, "अवो, मला म्हातारी करता का? पाया पडायचं काम देवाचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "परवा भगीरथची गाडी येल. जावा इथून. आन् मागच्या अंगाला बोलू नका काय."

२५ जुलै

ताई झोपलीय. ताप नाही. मी तिच्याशी एक शब्दही बोलत नाही. नुसती हात धरून बसलेय. भीती वाटते, कोण ऐकेल म्हणून.

दिवसभर मागच्या दारावर कुणी ठोठावलं नाही. फक्त दुपारी एकदा, अगदी दाराला तोंड लावून—

"पेमू, आणखी सांग ना."

माझ्याच आवाजात.

२६ जुलै, सकाळ

सामान बांधलं. ताईला आंघोळ घातली. गाडी दहाला. भिमी शेतावर लावणीला गेलीय, वाटेत भेटते म्हणाली. मुरबाड, मग कल्याण, मग घर. देवा, एवढं होऊ दे.

२६ जुलै, साडेअकरा

नीट लिहायला हवं.

भगीरथ आला. मी ताईला जीपमध्ये मागे बसवलं. चित्रवही आणि ही वही आत राहिल्या होत्या म्हणून परत आले. मुसळ खाली पडलेलं. मागचं दार उघडं. ते लावून वळले, किती वेळ लागला असेल— एक मिनिट?

जीप निघाली होती. मागच्या काचेत ताई. तिच्या शेजारी मी.

माझी करडी साडी, माझा चष्मा. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. हसली नाही काही नाही. नुसतं पाहिलं, आपण आरशात पाहतो तसं.

धावले. वळणापर्यंत धावले. पावसात माझं ओरडणं मलाच ऐकू येईना.

फणसाखाली येऊन भगीरथला फोन लावला. तो संतापला. "कोण गो तू? बायचा फोन तुझ्याकडं कसा? प्रेमाबाय इथं मागं बसल्यात. चोरी करते वर मस्करी करते?"

मी म्हटलं, भगीरथ, मीच प्रेमा. गाडी थांबव. ती बाई कुठून येऊन बसली ते तरी बघ—

तेवढ्यात फोनमध्ये, त्याच्या मागच्या सीटवरून, ताईचा आवाज आला. स्पष्ट. लाडाचा.

"पेमू, थंडी वाजते का गं? ये, जवळ सरक."

फोन बंद झाला. मग लागलाच नाही.

एकदाच म्हण, म्हणाले होते मी.

२६ जुलै, दुपार

भिमी आली होती. मला पाहून पायवाटेवरच थबकली. हातात रोपांची जुडी तशीच.

म्हणाली, गाडीत दोघी बसल्यात, आत्ता हात करून आले मी. मग माझ्या पायांकडे पाहिलं. पावसाने धुतलेले पाय.

"तुमी कुठून आल्यात?"

मी म्हटलं, भिमी, मी घरातच होते गं.

"घरात कुठून आल्यात?"

मी सगळं सांगितलं. वेणीचं, मुसळाचं, जळवांचं. ती मान हलवत राहिली. यातलं सगळं तर तिलाही— त्या दुसरीलाही— ठाऊक आहे. भिमीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण एकेक पाऊल मागे गेली ती. मग पळाली.

तिला काय दोष देऊ. मीही अशीच वागले असते.

नंतर

ताई घरी पोचली असेल. कुलूप कोण उघडेल? औषध कोण देईल? ताटात वाढील का ती? ती स्वतः जेवत नाही. ताईला भूक लागली हे सांगता येत नाही—

चालत निघावं. रस्त्यापर्यंत गेले तर एसटी मिळेल. पण दारात उभी राहून काय सांगू? मी जे सांगेन ते तिला येतं. बोललेलं, लिहिलेलं, सगळं.

एक गोष्ट आहे. बोलले नाही, लिहिली नाही. फक्त ताईची नि माझी. ती कानात सांगितली तर ताई ओळखेल. ओळखेलच.

पण विसरतेय मी. बाबांचा आवाज गेला. आईचं नाव आत्ता आठवत होतं. बोर्डिंगचं दार कुठल्या रंगाचं—

ती गोष्टही जाईल. लिहून ठेवली तर राहील. पण लिहिली तर तिलाही—

मागचं दार लावलेलं आहे. मुसळ लावलंय. दोनदा पाहिलं.

लिहू नये. लिहू नये.

अर्धी गेलीच आहे. पाऊस होता की ऊन, ते गेलं. हातात काय दिलंस, तेवढं अजून—

ताई, त्या दिवशी गच्चीवर तू माझी मूठ उघडलीस आणि