मागच्या सीटवर हे

२४ नोव्हेंबर १९७५, सोमवार
दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा आज उघडली आणि पहिल्याच दिवशी लेट. सोलापुरातून अक्कलकोटची एस.टी. भरून आली, थांबलीच नाही. पुढची मिळाली तेव्हा वळसंगला सव्वाअकरा. प्रार्थना संपलेली. हेडसरांनी हजेरीपत्रकात लाल शाईनं रेघ ओढली, माझ्यासमोरच. ही दुसरी.
"बाई, हल्ली दिवस कसे आहेत ठाऊक आहे ना. तपासणीला कोणी आलं तर मी काय दाखवू? इथं खोली तरी घ्या."
खोली कशी घेऊ. ह्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मिलमध्ये उजवा हात पट्ट्यात गेला त्याला फेब्रुवारीत वर्ष होईल. तीन बोटं गेली, मनगट वळत नाही. आठवड्यातून दोनदा सिव्हिलला व्यायामाला न्यावं लागतं. हेडसरांना हे माहीत आहे. तरी बोलतात. त्यांचंही काय चुकलं म्हणा.
घरी आले तर ह्यांनी डाव्या हातानं वांगी चिरून ठेवलेली. वेडीवाकडी. तशीच फोडणीला टाकली.

२६ नोव्हें., बुधवार
आज बोलून टाकलं. "एक फटफटी घेऊ या का?"
"चालवणार कोण?"
"मी."
ह्यांनी रेडिओ लावला. बातम्या झाल्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम झाला. मग बाजेवरून, माझ्याकडे न बघता, "पाय पुरतील का तुझे जमिनीला?"
चाळीस वर्षांची बाई. सायकलसुद्धा कॉलेजनंतर चालवली नाही.

३० नोव्हें., रविवार
सात रस्त्याला रज्जाकमिस्त्रीकडे. ह्यांची जुनी ओळख. हे मिलमध्ये फिटर होते तेव्हा साहेबाची मोटारसायकल दुरुस्तीला घेऊन इथंच यायचे, चालवतही. तेव्हाचा परवाना अजून आहे ह्यांच्याकडे.
नव्या गाडीला नंबर लावून थांबावं लागतं, म्हणून जुनीच बघायची. दोन होत्या.
एक मोपेड. पायडलवाली, एकटीपुरती. मिस्त्री म्हणाले, "भाभी, येच ले लो. हलकी है, सायकलके जैसी." हे म्हणाले, "ही गाडी नव्हे, शिवणयंत्र आहे. कुंभारीच्या चढाला उतरून ढकलायला लागेल."
दुसरी मोठी, काळी. ह्यांची नजर आल्यापासून तिच्यावरच. टाकीवरून डावा हात फिरवत राहिले. मला बसवलं. स्टँडवरून काढली आणि ती सरळ डावीकडे झुकली. मला आवरेना. हे धरायला धावले, सवयीनं उजवा हात पुढे केला. गाडी मिस्त्रींनी धरली. हे हात छातीशी घेऊन भिंतीला टेकून उभे.
"इत्ती बडी गाडी कायकू, अण्णा. गिरी तो उठानेकू चार आदमी होना."
ह्यांनी ऐकून घेतलं. चालतच घरी आलो.

७ डिसेंबर, रविवार
मिस्त्रींकडे तिसरी आली आहे. एका शेतीखात्यातल्या साहेबांची बदली झाली, त्यांची. लहान मोटारसायकल, लाल, दोन माणसांची. माझे चवडे टेकतात, टाचा वर राहतात. कीक दोनदा मारली, दुसऱ्यांदा लागली. पोटरी अजून दुखते आहे.
ह्यांनी खाली बसून आवाज ऐकला. "प्लग खराब आहे. बाकी इंजिन चांगलं."
पण घ्यायची म्हणेनात. काळीच बघू म्हणतात. घरी आल्यावर मी चिडले. "ती मला उभी करता येत नाही. कितीदा सांगू?"
"मला दोघांची गाडी हवी."
"हिच्यावर दोघं बसतो की."
"तशी नव्हे."
मग कळलं. हात बरा झाल्यावर हे स्वतः चालवणार, ती गाडी.  निबंधाच्या वह्या तपासायच्या होत्या, एकही झाली नाही.

१२ डिसें., शुक्रवार
सिव्हिल. आज मोठे डॉक्टर होते. ह्यांचं मनगट वाकवून बघितलं, रबरी चेंडू दाबायला दिला. चेंडू खाली पडला. डॉक्टर चांगले आहेत, उगाच गोडगोड बोलत नाहीत. "जेवढं यायचं तेवढं आलं. आता डाव्या हाताची सवय करा. व्यायाम चालू ठेवा, पण मूठ येणार नाही."
बाहेर आलो. फाटकाशी पेरू घेतले. रिक्षा करू का विचारलं तर नको म्हणाले. बाळीवेशीतल्या घरापर्यंत चालत. दारात मी कुलूप काढताना हे पाठीमागून म्हणाले,
"ती लहानच घे."

१८ डिसें., गुरुवार
घेतली. भाव ह्यांनीच पाडला. परवडली, एवढंच. बांगड्यांचं इथं लिहीत नाही.
अर्धी रजा टाकून आर.टी.ओ.त गेलो. शिकाऊ परवान्याचा फॉर्म. खिडकीतला कारकून, "बाई शिकणार? शिकवणार कोण?"
ह्यांनी डाव्या हातानं आपला परवाना काढून ठेवला. कारकुनानं परवाना बघितला, मग हात बघितला.
"परवाना चालू आहे की," हे म्हणाले.
"चालू आहे, चालू आहे. बाई, नियम ऐका. शिकाऊनं एकट्यानं गाडी काढायची नाही. परवानावाला माणूस मागं बसलेला पाहिजे, रोज. पुढंमागं एलची पाटी लावा."
परत येताना हे माझ्यापुढे चालत होते. वर्षभर मागे असतात.

२८ डिसें., रविवार
आठ दिवस होम मैदान. पहाटे साडेपाचला. थंडी. लुगड्याच्या निऱ्या वर खोचून पिन लावते, तरी कीकमध्ये अडकतात. आज दोनदा पडले. पोटरीला सायलेन्सरचा चटका, बटाटा किसून लावला.
हे मागे बसून सांगतात. क्लच हळू सोड. जायचं कुठं, तिकडेच बघ. चाकाकडे बघू नको. घाबरले की ह्यांच्या तोंडून कानडी येतं, निधान, निधान. हळू, हळू. आईशी बोलायचे तसं.
सकाळच्या पाळीचे मिलवाले सायकलीवरून कडेनं जातात. एकजण उतरला, उभा राहून बघत होता. ह्यांच्याच खात्यातला. हे खाली मान घालून माझ्या पाठीआड. मी गिअर चुकवला, गाडी बंद पडली, तो हसला. कोणाला हसला कोण जाणे.

४ जानेवारी १९७६, रविवार
मैदान गेलं. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे लागायला लागले. आता होटगी रस्ता. ट्रकवाले मुद्दाम हॉर्न वाजवतात.
मोहोळहून मुलीचं पत्र. तिच्या सासरी कळलं आहे. "आई, हे काय ऐकते मी. बाबांना मागे बसवून तू. लोक काय म्हणतील." पत्र ह्यांनी आधी वाचलं होतं. घडी घालून पुन्हा पाकिटात घातलेलं, पण उलटं.
उत्तर अजून लिहिलं नाही.

१२ जाने., सोमवार
वळसंगपर्यंत गेले. पहिल्यांदा. पावणेनऊला निघालो, दहा वीसला पोचलो. कुंभारीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये. हे मागून, "रडू दे तिला, सोडू नको, रडू दे." चढली.
हेडसर दारात होते. चष्मा काढून पुसला, परत घातला. "पोचलात," म्हणाले.
शाळा सुटेपर्यंत ह्यांनी करायचं काय, हा विचारच केला नव्हता. लिंबाखाली बसून राहिले पाच वाजेपर्यंत. मधल्या सुट्टीत भाकरी दोघांनी तिथंच खाल्ली. पोरी खिडकीतून बघत होत्या.
परत येताना ऊन डोळ्यांवर. आता मनगटं बधिर आहेत. पेन धरवत नाही. ह्यांचं रोज असंच होत असेल.

२३ जाने., शुक्रवार
दोन आठवडे रोज. लेट एकदाही नाही. पण थकवा. रविवारी नुसती पडून राहावंसं वाटतं.
हे आता लिंबाखाली बसत नाहीत. स्टँडजवळ मल्लप्पाचं सायकलचं दुकान आहे, तिथं जातात. आज मधल्या सुट्टीत मल्लप्पाच शाळेत आला. मी घाबरले, म्हटलं हे पडले की काय.
"न्हाय वो बाई. तुमचं मालक लई हुशार हायत की. पाटलाच्या हिरीवरचं इंजिन दोन म्हैनं बंद पडलंतं. सोलापूरचा मेस्त्री येऊन गेला, त्याला जमलं न्हाय. ह्यांनी हात बी लावला न्हाय, नुसतं ऐकलं. मला म्हनले, हे खोल, ते काढ, तितं फुंकर मार. पानी आलं बगा."
संध्याकाळी गाडीवर बसताना ह्यांच्या डाव्या हाताला काळं वंगण. पुसलेलं नव्हतं. घरी आल्यावर रॉकेल मागितलं हात धुवायला. मिलमधून आल्यावर मागायचे तसं.
मुलीला पत्र लिहिलं. चार ओळी.

९ फेब्रुवारी, सोमवार
पक्क्या परवान्याची परीक्षा. मैदानात चुन्यानं आठ काढलेला. त्यातून पाय न टेकता दोनदा जायचं. इन्स्पेक्टर झाडाखाली खुर्ची टाकून. हे कुंपणाबाहेर.
पहिला फेरा नीट. दुसऱ्या फेऱ्यात वळणावर मनात आलं, पास झाले की मागं माणूस लागत नाही. पाय टेकला.
"पंधरा दिवसांनी या, बाई."
घरी आलो. चहा पुढे ठेवला तेव्हा,
"मुद्दाम पाय टेकवलास."
"नाही."
"मी बघत होतो. तोल गेला नव्हता."
खरं काय ते मला तरी कुठं माहीत आहे. विचार आधी आला की पाय आधी गेला.

१२ फेब्रु., गुरुवार
आज सकाळी भांडण. मी म्हटलं, चला, उशीर होतोय. हे उठेनात.
"पुढची पाटी, मागची पाटी, आणि मधे मी. तिसरी पाटी. कायद्यासाठी बांधलेली."
"असं का बोलता? वळसंगला तुमची वाट बघतात लोक."
"तू नापास झालीस म्हणून जायचं का मी तिथं? माझ्यासाठी नापास होऊ नकोस, नीला. हात गेलाय. दया नको."
मला राग आला. मीही बोलले. पोटरीवरचे चटके, लोकांचं हसणं, मुलीचं पत्र, सगळं काढलं. वर्षभराचं निघालं. शेजारच्या काकू दारात आल्या तेव्हा थांबले.
हे आले नाहीत, म्हणून गाडी काढता येईना. एस.टी. अकरा पंचवीस. तिसरी रेघ. हेडसर म्हणाले, "आता मला वर लिहावं लागेल. अजून एक झाली तर बदली कुठं होईल सांगता येत नाही." आवाज चढवला नाही. त्याचंच वाईट वाटलं.

१३ फेब्रु., शुक्रवार
सकाळी हे तयार होऊन पायरीवर बसलेले. बटणं स्वतः लावली होती, एक घर चुकलेलं. मी सरळ केलं नाही. बसलो, गेलो.  निधानसुद्धा नाही.

२४ फेब्रु., मंगळवार
पास. दोन्ही फेरे. वळणावर ह्यांच्याकडे बघितलं नाही, कुठं जायचं तिकडेच बघितलं. इन्स्पेक्टरनं सही केली. "बाई, तुमच्या आधी दोघंजण आज पडले."
ह्यांनी बाहेर परवाना हातात घेऊन नीट वाचला, नाव, पत्ता, सगळं. मग म्हणाले, "झालं." चेहऱ्यावरून काही कळलं नाही.
घरी येऊन स्क्रू काढून दोन्ही पाट्या उतरवल्या. डाव्या हातानं. बराच वेळ लागला. मी आत भाकऱ्या करत होते.

२६ फेब्रु., गुरुवार
काल आणि आज एकटी. काल हे म्हणाले, "सिव्हिलला जायचंय." आज पेपरातून डोकं वर काढलं नाही.
मागे वजन नाही. गाडी हलकी पळते, चढ सहज जातो. खड्ड्यात मात्र मागचं चाक उडतं. कुंभारीशी मी सवयीनं मान वळवून काहीतरी बोलले. 
शाळा सुटल्यावर मल्लप्पा रस्त्यात उभा. शेजारच्या वस्तीवरून बैलगाडीत घालून इंजिन आणलेलं, दुकानापुढं ताडपत्री टाकून ठेवलंय. त्यांचा मका वाळत चाललाय. "मालक न्हाय आलं? इंजिन चालू हुतंय न् बंद पडतंय. परवापास्नं बसल्यात ह्ये लोक. काय सांगू त्यास्नी?"
"विचारते," म्हटलं.
विचारलं नाही. ह्यांना ती दया वाटेल, असं वाटलं.

२९ फेब्रु., रविवार
दोन दिवस तोंडात धरून ठेवलं, आज जेवताना सांगितलं. जसंच्या तसं, मल्लप्पाच्या शब्दांत. माझं काही जोडलं नाही.
हे जेवत राहिले. भात संपला. मग,
"चालूच होत नाही, का चालू होऊन बंद पडतं?"
"चालू होऊन बंद पडतं म्हणाला."
"लगेच? का तापल्यावर?"
"मला काय कळतं त्यातलं. तुम्ही विचारा."
हात धुतला. "धूर कसला, काळा का पांढरा?" पुन्हा मीच काय सांगणार. स्वतःशीच दोनचार वेळा पांढरा, पांढरा म्हणाले. मग विचारलं, "नवाची एस.टी. अजून आहे ना?"
"आहे."
दुपारभर पाना शोधत होते. मिलमधली हत्यारं ट्रंकेत खाली गेलीत. सापडली, तेल लावून पुसली, पिशवीत भरली. पिशवी कोपऱ्यात ठेवली आहे, भिंतीला टेकून. एस.टी.नं जायचं म्हणून की माझ्याबरोबर, की नुसतीच काढली, बोलले नाहीत. 
उद्या पावणेनऊला गाडी बाहेर काढेन. चालू करून दारात उभी राहीन थोडा वेळ. किती वेळ, ते ठरवलेलं नाही.