ताईची विहीर

ताई,

तुझी विहीर मॉडेलमधून खोडत होतो, पण हात थांबला. कारखान्याचं दूषित पाणी जमिनीखालून कुठवर पोचेल, एवढंच मी आयुष्यभर संगणकावर मांडत आलो. बाकी विहिरींची मोजमापं गणिताशी जुळतात. तुझ्या पाण्यात मात्र विष सापडलंय. गणितानुसार ते तिथे पोचायलाच नको.

विभागप्रमुख म्हणाले, "एका विहिरीपायी पेपर अडवतोस? काढून टाक ती आणि प्रोफेसर हो." तू म्हणशील, "शहाण्या, पाणी तर गोड लागतं!"

दमलोय गं. विहीर ठेवली, पेपर मागे घेतला.

तुझा,
धाकटा

सकाळी पत्र टाकलं नाही. पहिल्या बसने गेलो, ताईने पुढे केलेला चहा मोरीत ओतला आणि विहिरीवरच्या पंपाची वायर काढली.