चांगुणाची हजेरी

लातूर, सोमवार, ११ एप्रिल १९८३

तारा, आजीनं सांगितलेलं तू विसरणारच. शाळेतून येताना एकच चप्पल घालून आलेली पोर तू. पोटात लेकरू हाय, एवढं तरी ध्यानात हाय का? म्हणून रोजचं रोज लिहवून घेते. मला अक्षर येत न्हाई. निलंग्याकडची सिंधु इथं टायपिंग शिकायला आली, ती लिहिते, तारीख-वारही तीच घालते. म्हणाली, मावशी, असं बोलल्यासारखं लिहितात का? मी म्हणलं, मग काय रडल्यासारखं लिहू? तू जेवणाचा डबा धाडतेस, तो रिकामा झाला की कागद त्यात घालून चाकूरच्या एस.टी.त देते.

इथं बेस हाय. नवा जिल्हा झाला, नवी हापिसं निघाली, आन नव्या नोकरदारांना शिकवायला जुन्या जिनिंगच्या पत्र्याखाली हे ट्रेनिंग. शिपाई, कारकून, एका बाजूला साहेबलोकसुद्धा. मी पाणीवाली. दुष्काळाचं पाणी, टँकरनं येतं. मी रांजण भरते, तांब्यानं देते. माझ्या हातचं पाणी पाटलाचं पोरगंही पितं बघ. अशा उन्हात कुणाला जात आठवत न्हाई.

शिकवणारे शेषेरावसाहेब. त्यांनी सांगितलं, हाक आली की 'ओ' म्हणू नका, 'हजर' म्हणा. जो हजर म्हणाला, ते काम त्याचं. बदलीचं माणूस आल्याशिवाय जागा सोडायची न्हाई. साहेबलोकांना सांगितलं, हाताखालच्या माणसाला 'ए, अरे' करू नका, नावानं बोलवा, माणूस राजी राहतो. मला लई पटलं. जल्मभर 'ए म्हातारे' ऐकलं, इथं कोंडाबाई झाले.

तुझ्या बाळंतपणासाठी शुक्रवारपासून सुट्टी कबूल केली त्यांनी. बाळाला पहिलं न्हाऊ मीच घालणार.

मंगळवार, १२ एप्रिल

साहेबांना समदी नावं तोंडपाठ. आज हजेरीच्या शेवटी म्हणाले, चांगुणा. कुणी बोललं न्हाई. परत म्हणाले, आवाज कापत होता. समदे खाली मान घालून बसले.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला होतो, तवा एखादी लेकराला पाजायला झाडाखाली गेली की शेजारीण तिच्या नावाला ओ द्यायची. न्हाईतर हजेरी बुडायची. मला वाटलं, असंल बिचारी कुठं पदराआड. मी म्हणलं, हजर.

साहेबांच्या हातातला खडू पडला. मागून कुणीतरी लांब श्वास सोडला. मी म्हणलं, म्हातारी बोलली म्हणून एवढं दचकायला काय झालं?

बुधवार, १३ एप्रिल

आली की ती! सकाळी रांजणाजवळ उभी. माझ्याच वयाची, हिरवं लुगडं, ओठ भेगाळलेले. मी म्हणलं, बाई, तुझी हजेरी राखली, पान तरी खाऊ घाल. नुसती हसली. तांब्यावर तांब्या प्याली.

हजेरीला साहेब म्हणाले, कोंडाबाई. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, हजर. मला हसू आलं. फेड करते जणू!

मग साहेब म्हणाले, चांगुणा. समदे माझ्याकडं बघून राहिले.

दिवसभर तहान लागून राहिली. पिते, पण घशाखाली गेल्यागत वाटत न्हाई.

शुक्रवार, १५ एप्रिल

सुट्टी मागायला गेले. साहेब लई आदबीनं म्हणाले, सुट्टी कोंडाबाईची हाय, चांगुणाबाई. तुम्ही बदलीचं माणूस द्या, मग जा. मी म्हणलं, साहेब, चेष्टा पुरे. ते हसले न्हाईत.

तू पाठवलेला डबा मला दिलाच न्हाई. झाकणावर कोंडाबाई लिहिलंय म्हणून तिच्या हातात दिला. ती माझ्यासमोर बसून जेवली. तुझ्या हातची शेंगाची चटणी, तारा. आता तिचे ओठ बरे झालेत.

दारावरच्या मडिवाळप्पाला गाठलं. तो कानडी मुलखातला, मला अव्वा म्हणतो, म्हणजे आई. त्यानं सांगितलं. बहात्तरला इथंच मजुरांसाठी पाणी ठेवायचे. चांगुणा पाणी द्यायची, शेषेराव तवा मुकादम होते. बदली येईस्तोवर हलू नको म्हणून गेले आन विसरले. टँकरही आला न्हाई. ती कोरड्या रांजणाजवळ बसल्या जागी गेली. तवापासून ते नाव त्यांच्या तोंडून आपोआप निघतं. कुणी हजर म्हणत न्हाई. नव्या माणसाला मी आधीच बजावतो, म्हणाला, तुला सांगायचं विसरलो, अव्वा.

मी म्हणलं, तू आमच्या ताराचा भाऊ शोभतोस.

शनिवार, १६ एप्रिल

दाराशी गेले. मडिवाळप्पानं काठी आडवी धरली. कालचा अव्वा म्हणणारा आज म्हणाला, बदली आणली का चांगुणाबाई?

सिंधु रडली. म्हणाली, मावशी, तुम्ही जा, उद्यापासून त्या नावाला मी हजर म्हणते. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरीचं लगीन व्हायचंय अजून.

सोमवार, १८ एप्रिल

नरसिंग आला होता. तुझा नवरा, तारा, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला पोरगा. म्हणाला, कळा सुरू झाल्या, आजीला न्यायला आलो. मी पळत गेले — त्यानं तांब्या माझ्यापुढं धरला. मावशी, पाणी द्या म्हणाला.

मी दिलं. तोंडातून दुसरं काही निघंना.

तिचं गाठोडं त्यानं खांद्यावर घेतलं. आजी, सावकाश चला, म्हणाला. ती वळून बघून हसली — माझं हसू. तसंच, एका बाजूनं.

मंगळवार, १९ एप्रिल

तारा, घरात आलेली ती मी न्हाई. बाळाला तिच्या हाती देऊ नको. न्हाऊ घालू देऊ नको. ती तहानलेली न्हाई आता, पण —

सिंधु लिहिता लिहिता थांबली. विचारलं, चांगुणामावशी, ही तारा कोण?

म्हणलं, लिही तू. लिहीत राहा.

बुधवार, २० एप्रिल

साहेब आले. चांगुणा. मी तोंड दाबून धरलं. तरी निघालं — हजर.

तहान लई. रांजण भरलेला हाय आन —

गुरुवार

पोरगा झाला का पोरगी? कुणी सांगत न्हाई. कोंडाबाईला सांगितलं असंल.

डबा पाठव. भाकर दुधात कुस्करून दे, कोरडी गिळवत न्हाई. चटणी नको. आन तारा, एवढं विसरू नको माय, झाकणावर चांगुणा लिही. कोंडाबाई लिहिलंस तर डबा तुझ्याच घरी परत येईल, आन ती तो उघडून त्यातला घास लेकराला —